आपलंच रक्त, तरी गाळायचं

"रक्त माझं, द्यायचं मलाच. मग त्यात गाळायचं काय?" खुब्याचा सांधा बदलण्याआधी स्वतःचं रक्त साठवायला आलेल्या एका काकांनी रक्तपेढीच्या काउंटरवर हा प्रश्न विचारला. पलीकडच्या ताईंनी फॉर्मवरून मान वर न करता सांगितलं, "काका, आमच्याकडे सगळ्याच बॅगा गाळतात. पद्धत आहे तशी." काकांनी सही केली, रांग पुढे सरकली. प्रश्न मात्र डोक्यात घोळत राहतो, कारण तो अडाणीपणाचा नव्हता. रक्तसंक्रमणाच्या क्षेत्रातली जाणती माणसं वर्षानुवर्षं त्यावर वाद घालत आली आहेत आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. पद्धत आहे हे खरंच. पण पद्धत ज्या कारणांसाठी पडली, त्यातली किती कारणं काकांच्या बॅगेला लागू होतात, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं.

गाळणं म्हणजे फिल्टरमधून सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढणं. दुसऱ्याच्या रक्तातून त्या का काढायच्या, याची यादी पक्की आहे. परक्या पांढऱ्या पेशींवरचे एचएलए प्रतिजन, म्हणजे पेशींच्या ओळखखुणा, दिसले की रुग्णाचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग पुढे कधी प्लेटलेट्स द्यायची वेळ आली तर त्या टिकत नाहीत, नाहीतर बॅग लावल्यावर हुडहुडी भरून ताप येतो. सायटोमेगॅलो विषाणू पांढऱ्या पेशींत दडून येतो. परक्या पेशींमुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते, असा एक जुना आणि वादग्रस्त संशय आहे. ब्रिटनने १९९८ साली निर्णय घेतला आणि १९९९ संपेपर्यंत देशातली प्रत्येक बॅग गाळायला सुरुवात केली, ती तर व्हेरिअंट सीजेडी या मेंदूच्या रोगाच्या धास्तीने. आता ही यादी काकांच्या बॅगेला लावून पाहा. एचएलए प्रतिजन त्यांचेच, त्यांच्या शरीराला ओळखीचे. विषाणू असलाच तर तो आधीपासून अंगात आहे. परक्या लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रुग्णाच्याच शरीरावर उलटण्याचा जो जीवघेणा प्रकार टाळायला काही बॅगांना किरणांचा मारा देतात, तोही इथे संभवत नाही. एकेक कारण खोडत गेलं की यादी जवळजवळ कोरी होते.

जवळजवळ.

उरतं ते साठवणीचं. ३५० मिलीच्या बॅगेत, पांढऱ्या पेशींचं प्रमाण दर मायक्रोलिटरला ७००० धरलं, तर सुमारे २४५ कोटी पांढऱ्या पेशी येतात. २ ते ६ अंश सेल्सियसच्या फ्रीजमध्ये लाल पेशी आठवडेच्या आठवडे तग धरतात, पण पांढऱ्या पेशींना हा गारठा मानवत नाही. त्यातल्या ग्रॅन्युलोसाइट्स एका दिवसात निकामी होतात आणि पुढच्या काही दिवसांत फुटू लागतात. लिम्फोसाइट्स थोड्या जास्त चिवट. फुटताना आतला सगळा दारूगोळा बाहेर पडतो: इलॅस्टेज आणि मायलोपेरॉक्सिडेजसारखी विकरं, हिस्टामिन, इंटरल्यूकिन गटातली रसायनं. ही रसायनं मालक ओळखत नाहीत. त्यांच्यामुळे येणाऱ्या तापाला प्रतिपिंड लागतच नाही, म्हणून स्वतःचंच रक्त परत घेतानाही थंडी वाजून ताप येऊ शकतो. शिवाय फुटलेल्या पेशी, प्लेटलेट्स आणि फायब्रिन या गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाचे बारीक गोळे जमतात. पांढऱ्या पेशींची विकरं शेजारच्या लाल पेशींच्या आवरणालाही त्रास देतात. गाळलेल्या बॅगेत मुदतीच्या शेवटी लाल पेशी कमी फुटलेल्या आढळतात. नव्वदच्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांनी साठवलेल्या रक्तातली हिस्टामिनसारखी रसायनं आठवड्यागणिक मोजली होती. न गाळलेल्या बॅगांत ती वाढत जातात, साठवणीआधी गाळलेल्या बॅगांत जवळजवळ वाढत नाहीत, असं त्यांना दिसलं.

म्हणजे काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'कधी' या प्रश्नात आहे. आज काढून परवा चढवायचं असेल तर गाळण्याला फारसा अर्थ नाही. चार आठवडे ठेवायचं असेल तर आहे, आणि तोही पहिल्या दिवशी गाळलं तरच. पेशी फुटून गेल्यावर ऑपरेशनच्या टेबलाशी फिल्टर लावला, तर तो उरलेल्या अख्ख्या पेशी अडवेल. त्यांनी आधीच सोडलेली रसायनं त्यातून बिनदिक्कत पार होतील.

पण स्वतःचं रक्त साठवतं तरी कोण आता? ऐंशीच्या दशकात एड्सची भीती पसरली तेव्हा या प्रकाराला पाश्चात्त्य देशांत उधाण आलं. पुढे दात्यांच्या रक्ताच्या चाचण्या सुधारल्या आणि ते ओसरलं. त्यामागे हिशेबही होता: अशा साठवलेल्या बॅगांपैकी जवळपास निम्म्या वापरल्याच जात नाहीत, आणि रुग्ण मात्र रक्त काढून घेतल्यामुळे कमी हिमोग्लोबिन घेऊन टेबलावर येतो. आपल्याकडे तर हा प्रकार कधी फार रुजलाच नाही. तरीही काही रुग्णांना याच्याशिवाय पर्याय नसतो, आणि त्यातल्या सर्वांत ठळक गटाचं नावच मुंबईचं आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली जगापुढे मांडलेला 'बॉम्बे' रक्तगट. या माणसांच्या लाल पेशींवर 'एच' हा पायाभूत प्रतिजनच नसतो, त्यामुळे ए आणि बी तयार होण्याचा प्रश्न येत नाही. नेहमीच्या तपासणीत ते 'ओ' म्हणून दिसतात, आणि मग क्रॉसमॅचला, म्हणजे बॅगेचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहताना, ओ गटाची एकेक बॅग गुठळ्या धरते तेव्हा रक्तपेढीत धावपळ सुरू होते. 'एच' ओळखणारं अँटी-एच लेक्टिन लावून पाहिलं, किंवा उलट्या तपासणीत (रुग्णाचा सीरम माहीत गटाच्या पेशींशी तपासताना) ओ पेशीही ठेवल्या, की उलगडा होतो. या रुग्णाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. दाते शोधायला परळच्या केईएमच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, स्वयंसेवी गट आहेत; पण ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर सगळ्यात जवळचा दाता म्हणजे तो रुग्ण स्वतः. अशा माणसाची एक बॅग वाया जाणं आणि साध्या ओ गटाची एक बॅग वाया जाणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. गाळण्याचा प्रश्न इथे नुसता वैचारिक राहत नाही, कारण फिल्टर बॅग वाचवतो तशी कधीकधी खाऊनही टाकतो.

आधी वेळापत्रक. सीपीडीए-१ या रक्त गोठू न देणाऱ्या, सायट्रेट असलेल्या द्रावणातलं संपूर्ण रक्त ३५ दिवस टिकतं. तीन बॅगा हव्या असतील तर ऑपरेशनच्या २८, २१ आणि १४ दिवस आधी काढायच्या. शेवटची बॅग निदान ७२ तास आधी झालेली असावी, म्हणजे शरीराला पाण्याची तूट भरून काढायला वेळ मिळतो. प्रत्येक वेळी हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असेल तर थांबायचं. आणि लोहाच्या गोळ्या पहिल्या बॅगेच्या आधीपासून, नंतर नव्हे. हिशेब सरळ आहे: हिमोग्लोबिन १२ असलेल्या माणसाच्या ३५० मिली रक्तात सुमारे १४० मिलिग्रॅम लोह जातं, आणि जेवणातून अंगी लागतं ते दिवसाला १-२ मिलिग्रॅम. नुसत्या पालकाच्या भाजीवर ही तूट भरत नाही. ऑपरेशन दहा दिवस पुढे ढकललं तर पहिली बॅग मुदत संपून हातची जाते. आणि ते पुढे ढकललं जातं. सर्दी होते, दाताला पू होतो, शुगर चढते, कधी इम्प्लांटच वेळेवर पोचत नाही. त्यामुळे पहिल्या बॅगेला आठवडाभराची सवड ठेवून तारखा आखाव्यात, एवढं तरी सर्जननी आणि रक्तपेढीने फोनवर बोलून घ्यायला हवं. बहुतेकदा नातेवाईकच या दोघांमधला निरोप्या होतो आणि तारखांचा घोळ तिथेच सुरू होतो.

आता फिल्टर. पुष्कळांना वाटतं आत एखादी बारीक जाळी असेल आणि मोठ्या पेशी वर अडकत असतील. तेवढ्याने काम भागत नाही, कारण लिम्फोसाइट जवळपास लाल पेशीएवढीच असते; नुसत्या भोकांच्या मापावर दोघींना वेगळं करता येत नाही. चपट्या प्लास्टिकच्या डबीत पॉलिएस्टरच्या न विणलेल्या तंतूंचे थरावर थर असतात, एकेक तंतू काही मायक्रॉन जाडीचा. लाल पेशी लवचीक, अंग चोरून निघून जाते. पांढरी पेशी गवतातून चालताना धोतराला कुसळं लागावीत तशी तंतूंना चिकटते. ग्रॅन्युलोसाइट्स जास्त चिकट, शिवाय आधी चिकटलेल्या प्लेटलेट्स त्यांना धरून ठेवायला मदत करतात; लिम्फोसाइट्स त्या मानाने निसटत्या. ही कल्पना नवी नाही. पेनिसिलिनच्या शोधाआधी दोन वर्षं, १९२६ साली, अलेक्झांडर फ्लेमिंगने कापसाच्या बोळ्यातून रक्त गाळून पांढऱ्या पेशी काढण्याची सोपी रीत छापून प्रसिद्ध केली होती. त्याला ती प्रयोगशाळेतल्या कामासाठी हवी होती. सत्तरच्या दशकात कापसाचेच फिल्टर रक्तपेढीत आले, मग पॉलिएस्टरने त्यांची जागा घेतली. सेंट्रिफ्यूज करून मधला पांढरट थर, बफी कोट, बाजूला काढण्याची रीतही आहे, पण तिने जेमतेम तीन-चतुर्थांश पेशी जातात. आजचा चांगला फिल्टर हजारातली एखादी सोडतो.

रक्तपेढीतलं प्रत्यक्ष काम दिसायला सोपं आहे. फिल्टर आधीपासून जोडलेली बॅग घेतलेली बरी. रक्त काढताना ती सतत हलत राहिली पाहिजे, कारण १०० मिली रक्ताला १४ मिली द्रावण हे प्रमाण बॅगेच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचायला हवं. नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या गुठळ्या होतात आणि त्या सगळ्यात आधी फिल्टर अडवतात. धार मंद असेल, शीर नीट लागली नसेल, पंधरा मिनिटं उलटली तरी बॅग भरत नसेल, तर गाळताना त्रास होणार हे तिथेच समजावं. वयस्कर, बारीक शिरांच्या रुग्णांत हे वरचेवर घडतं, आणि स्वतःचं रक्त साठवणारे बरेचसे तसेच असतात. काढल्यावर बॅग काही तास खोलीच्या तापमानात ठेवतात. मग ती हळुवार उलटसुलट करून स्टँडला साधारण माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर टांगायची, नळीतली वाट बंद ठेवणारी कडी मोडायची आणि रक्ताला आपल्या वजनानेच उतरू द्यायचं. सगळं नीट असेल तर वीसेक मिनिटांत काम होतं. थंड केलेलं रक्त गाळलं तर पांढऱ्या पेशी जास्त अडकतात, पण रक्त दाट झाल्याने वेळ दुप्पटही लागतो.

इथे हात शिवशिवतात. शेवटचं रक्त फिल्टरमध्ये राहिलेलं दिसतं आणि बॅग पिळावीशी वाटते. पिळायची नाही. दाब वाढला की चिकटलेल्या पेशी सुटून पलीकडे जातात, आणि वीस मिनिटांचं काम दोन सेकंदांत पाण्यात. डबीत हवेचा बुडबुडा अडकला तर तंतूंचा अर्धा भाग कोरडाच राहतो. रक्त उरलेल्या भागातून जोरात जातं आणि पेशी निसटतात. म्हणून सुरुवातीला डबी तळापासून भरू द्यावी. फिल्टर बॅगेबरोबर आलेला नसून नंतर जोडायचा असेल, तर नळ्या जंतुविरहित वेल्डिंगच्या यंत्रानेच जोडायच्या. सुई टोचून जोडला की बंद प्रणाली उघडी झाली, आणि त्या क्षणापासून बॅगेची मुदत ३५ दिवसांवरून २४ तासांवर येते. ऑपरेशन चार आठवड्यांनी असेल तर त्या बॅगेचा काही उपयोग उरत नाही. हे इतकं क्षुल्लक वाटतं की नवख्या हाताकडून सहज घडून जावं.

फिल्टर स्वतः किती रक्त गिळतो, हेही पाहायला हवं. डबी आणि नळ्यांत मिळून ३० मिलीच्या आसपास अडकून राहतं. दात्याच्या बॅगेत ते कुणी मनावर घेत नाही. लाल पेशींपैकी निदान ८५ टक्के हाती लागल्या म्हणजे प्रमाणकात बसलं. पण हे नुकसान बॅगेच्या आकारावर ठरत नाही, डबीच्या आकारावर ठरतं. ४५० मिलीच्या बॅगेत ते खपून जातं, ३५० मिलीच्या बॅगेत जास्त बोचतं. तीन बॅगांमागे जवळपास ९० मिली. हिमोग्लोबिन ११ वर टेकलेल्या, ५० किलो वजनाच्या बाईंसाठी ही किंमत लहान नाही.

आणि कधी कधी अख्खी बॅगच अडते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या पट्ट्यात काम करणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. सिकलसेलचा वाहक असलेला माणूस धडधाकट असतो, शेतात राबतो, रक्तदान शिबिरात उभा राहतो. आपण वाहक आहोत हे त्याला माहीतही नसतं. त्याचं रक्त फिल्टरमध्ये सुरुवातीला नीट उतरतं, मग थेंबथेंब होतं, मग थांबतं. शिरेतून काढलेल्या रक्तात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात सायट्रेटच्या द्रावणाने आम्लता वाढलेली, बॅगेत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला. एवढं पुरतं. हिमोग्लोबिन-एस या सिकलसेलमधल्या सदोष हिमोग्लोबिनच्या साखळ्या जुळू लागतात, लाल पेशी ताठर होतात, आणि अंग चोरून निघून जाण्याची त्यांची हातोटीच संपते. तंतूंमध्ये त्यांचाच बांध होतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे बॅग पूर्ण गाळली जाते, पण पांढऱ्या पेशी मर्यादेपेक्षा जास्त उरतात. मोजल्याशिवाय हे कळतच नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी वाहकांच्या रक्तात ऑक्सिजनचं प्रमाण वाढवून पाहिलं तेव्हा तेच रक्त सुरळीत गाळलं गेलं. म्हणजे दोष ऑक्सिजनच्या तुटवड्याचा, हे स्पष्ट झालं. रोजच्या कामात मात्र ऑक्सिजन भरत बसणं कुणाला शक्य नाही. सोपी गोष्ट अशी की या पट्ट्यातल्या रुग्णाची पहिली बॅग काढण्याआधी सिकलिंगची सोल्युबिलिटी चाचणी करावी. ती स्वस्त आहे, काही मिनिटांत होते. वाहक निघाला तर रक्त साठवायला हरकत नाही, फक्त फिल्टरच्या वाटेला जाऊ नये. त्याचं स्वतःचं रक्त आहे; न गाळल्याने जो थोडा तोटा, तो बॅग गमावण्यापेक्षा कितीतरी परवडला.

जंतूंच्या बाबतीत मात्र फिल्टरची बाजू जड होते. येर्सिनिया एंटेरोकोलिटिका नावाचा जीवाणू फ्रीजच्या थंडीत मजेत वाढतो आणि लोहाचा भुकेला असतो. लाल रक्ताची बॅग म्हणजे त्याला मेजवानीच. पोट थोडं बिघडलेलं, एक-दोन जुलाब झालेले, ताप नाही. अशा माणसाच्या रक्तात हे जीवाणू मोजके का होईना फिरत असू शकतात. तीन-चार आठवड्यांत ते वाढतात, विषारी घटक साठतात, आणि स्वतःचंच रक्त चढवल्यावर माणसाचा रक्तदाब कोसळून तो शॉकमध्ये जातो. स्वतःच्या साठवलेल्या रक्तातून असं घडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. बॅग काढल्यावर काही तास खोलीच्या तापमानात ठेवण्यामागचं एक कारण इथे आहे: त्या वेळात पांढऱ्या पेशी जीवाणू गिळतात, आणि मग फिल्टर त्या पेशींना पोटातल्या जीवाणूंसकट बाहेर काढतो. फार लवकर गाळलं तर गिळायला वेळ मिळत नाही. फार उशीर केला तर पेशी फुटून गिळलेले जीवाणू पुन्हा मोकळे सुटतात. पण हे सगळं होण्याआधी, खुर्चीवर बसलेल्या माणसाला "गेल्या पंधरा-वीस दिवसांत पोट बिघडलं होतं का?" एवढं विचारणं फिल्टरइतकंच महत्त्वाचं. लोक लाजतात, किंवा "तसं काही नाही" म्हणून टाळतात. पुन्हा विचारावं.

उरला टेबलाशी लावायचा फिल्टर. पेढीत गाळायची सोय नसली की ऑपरेशनच्या दिवशी रक्त देतानाच फिल्टर लावून मोकळं व्हायची वृत्ती दिसते. स्वतःच्या रक्ताच्या बाबतीत यातून मिळण्यासारखं काही नाही, हे वर आलंच. तोटे मात्र आहेत. खुब्याचा सांधा बदलणारा रुग्ण बहुधा साठीच्या पुढचा, आणि त्याच्या गोळ्यांच्या डबीत रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल असण्याची शक्यता मोठी. रक्त फिल्टरच्या विद्युतभारित पृष्ठभागावरून जाताना ब्रॅडिकायनिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं रसायन तयार होतं. एरवी शरीर ते क्षणात मोडतं, पण ही औषधं नेमकं तेच मोडणारं विकर दाबून ठेवतात. मग बॅग सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत रक्तदाब धाडकन पडतो. भूल दिलेल्या रुग्णात हे घडलं की सगळ्यांची नजर जखमेकडे जाते, रक्तस्राव कुठे होतोय ते शोधलं जातं, आणि बॅग आणखी जोरात सोडली जाते. करायला हवं नेमकं उलटं: बॅग बंद, फिल्टर बाजूला. साठवणीआधी गाळलेल्या रक्तात ही अडचण येत नाही, कारण तयार झालेलं ब्रॅडिकायनिन फ्रीजमध्येच मोडून जातं. शिवाय दाबाची पिशवी गुंडाळून घाईत रक्त द्यायचं असेल तर हा फिल्टर त्यासाठी बनलेलाच नाही. फिल्टर म्हणजे निरुपद्रवी वस्तू नव्हे, हे अमेरिकेने १९९७-९८ साली आणखी एका प्रकारे पाहिलं: विशिष्ट बनावटीच्या फिल्टरमधून गाळलेलं रक्त घेतलेल्या रुग्णांचे डोळे दिवसभरात लालबुंद झाले.

काम नीट झालं की नाही हे मोजूनच कळतं. पेशी मोजायचं नेहमीचं यंत्र इतक्या कमी पेशी मोजू शकत नाही, ते शून्याच्या आसपास काहीतरी दाखवतं आणि आपण खूश होतो. त्यासाठी नाजॉत चेंबर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायची आखलेली काच, लागतं, ५० मायक्रोलिटरचं, ४० पट्ट्यांचं. नमुना रंगद्रव्यात दहापट पातळ करायचा, चेंबर भरून ओलसर झाकणाखाली दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, म्हणजे पेशी तळाला बसतात आणि द्रव सुकत नाही. मग शांतपणे सगळ्या पट्ट्या. चेंबरमध्ये मूळ रक्त ५ मायक्रोलिटरच असतं. गाळून ३७० मिली उरलेल्या बॅगेत ५० लाख पेशी, म्हणजे अमेरिकी मर्यादा, तर चेंबरभर मिळून ६७ दिसतील. युरोपची मर्यादा १० लाख, तेव्हा १३. सूक्ष्मदर्शकाखाली एखादा धुळीचा कण पेशी समजून मोजला तरी निकाल किती हलतो पाहा. फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशी एकेक करून मोजणारं यंत्र, असेल तर उत्तम. आणि बॅग मर्यादेबाहेर गेली तर? दात्याची असती तर तिच्यावरचं 'गाळलेली' हे लेबल काढून दुसऱ्या कुणाला दिली असती. बॉम्बे गटाच्या रुग्णाची स्वतःची असेल तर पुन्हा गाळायच्या फंदात पडून आणखी ३० मिली घालवू नयेत. लेबलवर खरं ते लिहावं आणि वापरावी.

मग एवढा खटाटोप करून रुग्णाचं भलं होतं का? जर्मनीत खुब्याचा सांधा बदलणाऱ्या हजाराहून जास्त रुग्णांवर हा प्रश्न तपासला गेला, काहींना स्वतःचं गाळलेलं रक्त, काहींना न गाळलेलं. २००८ साली निकाल प्रसिद्ध झाला: जंतुसंसर्गात फरक नाही, हॉस्पिटलातल्या मुक्कामातही नाही. गाळण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा निकाल अडचणीचा आहे, आणि तो बाजूला सारून चालणार नाही. पण त्या अभ्यासाने विचारलेले प्रश्न संसर्गाचे आणि मुक्कामाचे होते. ताप, हुडहुडी, फुटलेल्या लाल पेशी, लाखात एखादी जंतुदूषित बॅग, हे अशा चाचणीत दिसायला जागाच नसते. त्यामुळे मत असं बनतं: पेढीत सगळ्याच बॅगा पहिल्या दिवशी गाळत असतील तर स्वतःच्या रक्ताला वगळण्याचं कारण नाही, सिकलसेल वाहक सोडून. गाळत नसतील तर केवळ एवढ्यासाठी रुग्णाला वेगळा खर्च लावू नये. रक्त आठवडाभरात वापरायचं असेल तर विषयच नाही. आणि टेबलाशी तर नाहीच नाही.

या सगळ्यात एक गैरसमज वारंवार भेटतो: गाळलं म्हणजे रक्त जास्त दिवस टिकणार. टिकत नाही. सीपीडीए-१ मधल्या बॅगेची मुदत गाळल्यावरही ३५ दिवसच. ऑपरेशन झालं आणि दोन बॅगा उरल्या तर सर्वसाधारण गटाच्या रुग्णाचं रक्त दुसऱ्याला देत नाहीत, कारण तो दात्याच्या निकषांत बसत नाही. ते मुदतीनंतर ऑटोक्लेव्ह करून नष्ट होतं. बॉम्बे गटाच्या माणसाला मात्र या उरलेल्या बॅगेची पुढेही गरज पडू शकते, आणि ती गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येते: ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांखाली. वितळवल्यावर ग्लिसरॉल धुऊन काढतात, त्या धुण्यातच उरल्यासुरल्या पांढऱ्या पेशीही निघून जातात. पण गोठवायचं ते रक्त काढल्यापासून साधारण सहा दिवसांच्या आत. त्यानंतर पेशींना आधी रासायनिक द्रावणाने पुन्हा तरतरीत करून घ्यावं लागतं, आणि ती सोय मोजक्या ठिकाणीच. ऑपरेशननंतर उरलेली १४ दिवसांची बॅग हातात घेऊन कुणी विचारलं की आता हिला गोठवता येईल का, तर बहुतेक पेढ्यांत उत्तर नाही असंच येतं. त्यामुळे एखादी बॅग फ्रीजऐवजी थेट गोठवणीकडे पाठवायची का, हे पहिली बॅग भरण्याच्या दिवशीच ठरवावं लागतं.